मोटार, कुटुंब आणि ‘ओसाड’ देश
ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील तीन प्रवासकथांचा विचार

१

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील शहरांतून निघून खंडाच्या अंतर्भागात मोटारीने जाणाऱ्या कुटुंबाची कथा ही त्या देशाच्या वाङ्मयात आणि चित्रपटांत वारंवार आढळते. वडील चाक धरून बसलेले, मागे मुले, टपावर वा मागच्या पेटीत पाण्याचे डबे, आणि पुढे क्षितिजापर्यंत तांबडी माती, एवढी सामग्री मिळाली की कथेचा आरंभ होतो. ह्या कथांचे कौतुक बहुधा निसर्गवर्णनासाठी, साहसासाठी किंवा कौटुंबिक जिव्हाळ्यासाठी केले जाते. त्या ज्या शब्दांवर उभ्या आहेत त्यांची तपासणी मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखात तीन कलाकृतींच्या आधारे ती करावयाची आहे. निकोलस रोएग ह्यांचा ‘वॉकअबाउट’ (१९७१), फिलिप नॉइस ह्यांचा ‘रॅबिट-प्रूफ फेन्स’ (२००२) आणि वार्लपिरी भाषेतील ‘बुश मेकॅनिक्स’ ही दूरचित्रवाणी मालिका (२००१), अशा ह्या तीन कृती होत. पहिल्या दोन कृती ज्या पुस्तकांवर आधारलेल्या आहेत त्यांचाही विचार ओघाने येईल.

आरंभ एका शब्दापासून करणे सोयीचे होईल. ज्या प्रदेशाला इंग्रजीत ‘आउटबॅक’ म्हणतात त्या नावाची घडण पाहावी. बाहेर आणि मागे, ह्या दोन दिक्‌वाचक शब्दांचा तो समास आहे. एकोणिसाव्या शतकात वसाहतवाल्यांच्या बोलीत तो रूढ झाला. कोणत्याही दिक्‌वाचक शब्दाला एक ठाणे लागते. कोणाच्या बाहेर आणि कशाच्या मागे, हे ठरल्यावाचून त्याला अर्थ येत नाही. येथे ठाणे आहे किनाऱ्यावरची वसाहत. मराठी घराच्या मागच्या जागेला परसू म्हणतात, आणि परसवाचे परसूपण घरामुळे ठरते. तद्वत् खंडाचा बहुतेक भाग हा किनाऱ्यावरच्या घरांचे परसू ठरला. त्या भागात जे लोक हजारो वर्षे राहत आले त्यांच्या दृष्टीने तो ना बाहेर होता ना मागे. १७८८ मध्ये इंग्रजांची पहिली वसाहत झाली त्या वेळी ह्या खंडात सुमारे २५० भाषा बोलल्या जात होत्या, ह्यावर भाषाशास्त्रज्ञांचे साधारण एकमत आहे. ज्या भूमीवर इतक्या भाषा नांदत होत्या त्या भूमीचे वर्णन पुढे ‘रिकामी’ ह्या एका विशेषणाने होऊ लागले.

ह्या विशेषणाचे मराठी रूपांतर करू जाता एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. ‘निर्जन’ आणि ‘ओसाड’ हे दोन शब्द मराठीत जवळजवळ पर्यायी मानले जातात. परंतु ते तसे नाहीत. निर्जन म्हणजे जेथे माणूस नाही अशी जागा. तेथे पूर्वी माणूस होता की नव्हता हे तो शब्द सांगत नाही. ओसाड ह्या शब्दाला मात्र भूतकाळ आहे. गाव ओस पडते, वाडा ओस पडतो. जेथे कधी वस्तीच नव्हती त्या कड्याला कोणी सहसा ओस पडला असे म्हणत नाही. वस्ती होती, ती उठली, हा अर्थ त्या शब्दाच्या पोटात आहे. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागाला इंग्रजी प्रवासकथा निर्जन समजून चालल्या. त्या प्रदेशाचा इतिहास पाहता त्याचा पुष्कळसा भाग ओसाड केलेला होता, आणि काही भाग तर ओसाडही नव्हता. हा भेद केवळ शब्दांचा नाही. ही भूमी कोणाच्याच मालकीची नव्हती, ह्या गृहीतकावर त्या देशाचा जमीनविषयक कायदा जवळजवळ दोन शतके उभा होता. ३ जून १९९२ रोजी तेथील उच्चतम न्यायालयाने माबो खटल्याच्या निकालात ते गृहीतक फेटाळले. एका विशेषणाच्या खरेखोटेपणावर केवढे ओझे असू शकते, हे त्यावरून कळून येईल.

२

‘वॉकअबाउट’ ही कथा प्रथम १९५९ मध्ये ‘द चिल्ड्रन’ ह्या नावाने कादंबरीरूपाने प्रसिद्ध झाली. जेम्स व्हान्स मार्शल हे तिच्या लेखकाचे टोपणनाव. खरा लेखक डोनाल्ड पेन हा इंग्रज गृहस्थ. कादंबरीतील मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ ही अमेरिकन भावंडे विमानाच्या अपघातातून वाचतात, वाळवंटात एकटी पडतात आणि एका आदिवासी मुलाच्या आधाराने जगतात. रोएग ह्यांनी १९७१ मध्ये ह्या कथेचा चित्रपट केला. पटकथा नाटककार एडवर्ड बाँड ह्यांची होती. चित्रपटात विमान नाही. शहरातल्या सदनिकेत राहणारा बाप आपल्या दोन मुलांना मोटारीत घालून वाळवंटात सहलीला नेतो. मुलगी चादर अंथरून खाण्याचे पदार्थ मांडू लागते, मुलगा खेळत असतो, आणि बाप मोटारीतून आपल्याच मुलांवर गोळ्या झाडतो. मुले खडकाआड निसटतात. बाप मोटारीला आग लावतो आणि स्वतःला संपवतो.

विमानाच्या जागी मोटार आली, हा बदल कथानकाच्या सोयीसाठी केला असे म्हणून सोडून देता येणार नाही. विमानाचा अपघात हा दैवाचा भाग. त्यात दोष कोणाचाच नसतो, आणि वाळवंट हेच संकट ठरते. मोटारीची सहल ही कुटुंबाची स्वतःची कृती आहे. मोटार म्हणजे चालते घर. तिच्यात शहराची बैठक, शहराची भांडी आणि शहराचे मौन हे सर्व काचा लावून वाळवंटात आणले जाते. संकट बाहेर तांबड्या मातीत नसून आत होते, हे रोएग ह्यांनी पहिल्या काही मिनिटांतच दाखवून दिले. चित्रपटाचा हा आरंभ मूळ कादंबरीपेक्षा श्रेष्ठ आहे, ह्यात संशय नाही. कौटुंबिक सहलीच्या कथेत बाप हा वाट जाणणारा आणि संकटातून सोडवणारा असतो. येथे तोच बाप संकट होतो, आणि त्या संबंध कथाप्रकाराचा आधार काढून घेतला जातो.

परंतु मोटार जळाल्यावर चित्रपट जेथे वळतो तेथे प्रश्न उभे राहतात. जळालेल्या मोटारीतून मुलीच्या हाती जे उरते त्यांत एक लहान रेडिओ असतो, आणि तो वाळवंटभर इंग्रजीत बोलत राहतो. मुलांचे स्वतःचे बोलणे इंग्रजी, रेडिओचे इंग्रजी. आणि मग त्यांना भेटतो एक आदिवासी मुलगा, जो इंग्रजी बोलत नाही. ही भूमिका डेव्हिड गुलपिलिल ह्या त्या वेळच्या तरुण नर्तकाने केली. तो आर्नहेम लँड ह्या उत्तर किनाऱ्याकडील प्रदेशातील योल्ङु समाजाचा होता, आणि चित्रपटात तो आपली स्वतःची भाषा बोलतो. त्याच्या एकाही वाक्याचे भाषांतर पडद्यावर दिलेले नाही.

३

भाषांतर न देण्याच्या ह्या निर्णयाचे समर्थन करता येते, आणि ते समर्थन दुबळे नाही. कादंबरीचा निवेदक आदिवासी मुलाच्या मनात खुशाल शिरतो; तो काय विचार करतो, कशाला भितो, हे सर्व तो वाचकाला सांगतो. ज्या समाजाशी लेखकाचा परिचय बेताचा आहे त्या समाजातील मुलाच्या मनाचा एवढा हवाला देणे हे धाडसाचेच होय. रोएग ह्यांनी ते धाडस केले नाही. त्यांनी प्रेक्षकाला मुलीच्या शेजारी बसवले. तिला जे कळत नाही ते प्रेक्षकालाही कळत नाही. पाण्याचा प्रसंग ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मुलगी पाणी मागते. मुलाला कळत नाही, तेव्हा तेच इंग्रजी वाक्य ती अधिक मोठ्याने उच्चारते. आवाज वाढवला म्हणजे अर्थ पोहोचतो, ही समजूत जगातील सर्व राज्यकर्त्या भाषांची आहे. तिचा धाकटा भाऊ मात्र हाताने पिण्याची खूण करतो, आणि आदिवासी मुलगा तत्काळ कोरड्या मातीतून वेताच्या नळीने पाणी ओढून दाखवतो. भाषा म्हणजे प्रथम समोरच्याकडे पाहणे, हे सत्य येथे एकाही शब्दावाचून सिद्ध झाले आहे.

तथापि ह्या समर्थनाची मर्यादाही स्पष्ट आहे. जे कळत नाही ते प्रामाणिकपणे न कळलेले ठेवणे एक, आणि जे कळू शकते त्याचा केवळ ध्वनी करून टाकणे दुसरे. गुलपिलिल जे बोलतो त्याला अर्थ आहे. त्याची भाषा जाणणारा प्रेक्षक ती समजू शकतो. चित्रपटाने असा प्रेक्षक कल्पिलेलाच नाही. दुसरे असे की, जो वाळवंटी प्रदेश पडद्यावर दिसतो तो खंडाच्या मध्यभागातील आहे आणि जी भाषा ऐकू येते ती उत्तर किनाऱ्यावरची. कोकणातील माणसाला थरच्या वाळवंटात उभा करून तो तेथलाच रहिवासी म्हणून दाखवावा, तसा हा प्रकार झाला. दिग्दर्शकाला हा भेद महत्त्वाचा वाटला नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती सर्व ‘आदिवासी भाषा’ होती. आणखी एक शब्द असाच आहे, तो म्हणजे चित्रपटाचे नाव. सोळाव्या वर्षी मुलाला भूमीवर एकटे जगण्यासाठी पाठवण्याच्या विधीचे ते नाव आहे, असे चित्रपट आरंभी सांगतो. प्रत्यक्षात हा शब्द इंग्रजी आहे. मोडक्या वसाहती इंग्रजीत तो घडला, आणि पुढे आदिवासी मजूर काम सोडून आपल्या लोकांकडे वा आपल्या स्थळांकडे गेले म्हणजे गुरांच्या वाड्यांचे मालक तो वापरीत. ज्या जाण्याला जाणाऱ्याच्या भाषेत नेमका हेतू आणि नेमके ठिकाण होते, त्याला मालकाच्या भाषेत ‘इकडेतिकडे भटकणे’ असे नाव पडले. चित्रपटाने त्या नावाला गूढतेचे वलय दिले. त्यातील गैरसमज तसाच राहिला.

कथेचा शेवटही न उमगलेल्या खुणेतच होतो. आदिवासी मुलगा रात्रभर मुलीपुढे नृत्य करतो, तिला त्याचा अर्थ लागत नाही वा लावून घ्यावासा वाटत नाही, आणि सकाळी तो झाडाला लटकलेला आढळतो. कादंबरीतही तो मरतो. तेथे मुलीच्या डोळ्यांतील भीती त्याला आपल्या मृत्यूची खूण वाटते, आणि तिच्या भावापासून जडलेल्या आजाराने तो खंगतो. दोन्हीकडे शहरातली मुले घरी पोहोचतात आणि वाट दाखवणारा मरतो. चित्रपटाच्या अखेरीस मुलगी मोठी झालेली, तशाच सदनिकेत संसार करणारी दिसते, आणि तिघांनी एकत्र पोहल्याची आठवण तिच्या मनात तरळते. ह्या आठवणीत करुणा आहे. परंतु ती आठवण जिची आहे ती शहरातली आहे. वाळवंट तिच्या संसाराच्या परसवात जाऊन बसले आहे.

४

‘रॅबिट-प्रूफ फेन्स’ ह्या चित्रपटात तोच प्रदेश उलट दिशेने पाहिला आहे. त्याचा आधार डोरिस पिल्किंग्टन गारिमारा ह्यांचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक. १९३१ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील जिगलाँग येथून तीन मुलींना सरकारी आज्ञेने आईपासून तोडून पर्थच्या उत्तरेस असलेल्या मूर रिव्हर वसाहतीत नेण्यात आले. मॉली, डेझी आणि ग्रेसी ही त्यांची नावे. मुली पळाल्या आणि सुमारे १,६०० किलोमीटर अंतर पायी तोडू लागल्या. ग्रेसी वाटेत पुन्हा पकडली गेली, मॉली आणि डेझी घरी पोहोचल्या. लेखिका ही मॉलीची मुलगी. १९४० मध्ये मॉलीला तिच्या दोन मुलींसह पुन्हा मूर रिव्हरला नेण्यात आले. तेथून ती धाकटीला कडेवर घेऊन दुसऱ्यांदा पायी परतली. चार वर्षांची डोरिस मागे राहिली. धाकटीलाही पुढे नेण्यात आले. मागे राहिलेल्या मुलीने मोठेपणी आईचा प्रवास लिहिला, ही गोष्ट पुस्तकाच्या साध्या, जवळजवळ कोरड्या शैलीचा विचार करताना विसरता येत नाही. ज्या भाषेत ती वाढली असती त्या मार्डुजारा भाषेतील शब्दांची यादी पुस्तकाला जोडलेली आहे. सामान्य वाचक अशा यादीकडे पाहतही नाही. येथे मात्र ती यादी हा पुस्तकाच्या अर्थाचाच एक भाग आहे.

ह्या कथेतही चित्रपटाने वाहन बदलले आहे. पुस्तकात शिपाई घोड्यावरून येतो आणि मुलींना घोड्यावर बसवून नेले जाते. मोटार, आगगाडी आणि जहाज हे टप्पे नंतरचे. चित्रपटात शिपाई मोटारीतून येतो, आईच्या हातून मुली ओढून मोटारीत कोंबतो, आणि काचेवर आपटणारे हात प्रेक्षकाला दिसतात. दोन दिग्दर्शक, दोन पुस्तके, एकतीस वर्षांचे अंतर. तरी दोघांनीही मूळ वाहन काढून मोटार आणली. ‘वॉकअबाउट’मध्ये मोटारीत कुटुंब बसते आणि कुटुंब आतून मोडते. येथे मोटार येते ती कुटुंब बाहेरून मोडण्यासाठी. ह्या समाजाने मोटारीचा अनुभव प्रथम कोणत्या रूपात घेतला असेल ह्याची कल्पना सहलीच्या कथा वाचून येत नाही. ती ह्या प्रसंगावरून येते.

घरची वाट दाखवण्यासाठी मुलींना मिळते ते सशांना अडवण्यासाठी घातलेले कुंपण. १९०१ ते १९०७ ह्या काळात बांधलेले पहिले कुंपण सुमारे १,८३३ किलोमीटर लांबीचे, दक्षिण किनाऱ्यापासून वायव्य किनाऱ्यापर्यंत गेलेले. आणि जिगलाँग हे त्याच कुंपणाच्या देखरेखीसाठी १९०७ मध्ये वसवलेले ठाणे. वसाहतीने भूमी विभागण्यासाठी जी रेघ ओढली तीच मुलींनी घराकडे नेणाऱ्या दोरीसारखी धरली. चित्रपटात एका बाजूला मुली तार धरून उभ्या आणि शेकडो कोसांवर आई तीच तार धरून उभी, असे दाखवले आहे. हे दृश्य थोडे भावविवश आहे असा आक्षेप घेता येईल. परंतु त्याने ‘हरवणे’ ह्या शब्दाचा अर्थ फिरवला, हेही मान्य केले पाहिजे. ऑस्ट्रेलियन वाङ्मयातील हरवलेल्या मुलांच्या कथांवर पीटर पियर्स ह्यांचा १९९९ मधील ग्रंथ प्रसिद्ध आहे, आणि गोऱ्या वसाहतीच्या मनात ही भीती किती खोल होती ते त्यावरून समजते. रानात शिरलेले मूल रान गिळून टाकते, ही ती भीती. मॉली वाळवंटात हरवलेली नाही. तिला आपण कोठे आहोत आणि कोठे जावयाचे हे ठाऊक आहे. तिला हरवले ते कागदांनी.

भाषेच्या बाबतीतही हा चित्रपट पुढे गेलेला आहे. आरंभीच वृद्ध मॉलीचा आवाज तिच्या स्वतःच्या भाषेत ऐकू येतो आणि त्याचा अर्थ पडद्यावर दिला जातो. मूर रिव्हरमध्ये मुलींना त्यांची भाषा बोलू नये असे बजावले जाते. म्हणजे ज्या भाषेचा अर्थ प्रेक्षकाला कळला तीच भाषा तेथे गोंगाट ठरवली जाते. ‘वॉकअबाउट’ने अनवधानाने जे केले ते येथे अपराध म्हणून दाखवले आहे. आणखी एक योगायोग अर्थपूर्ण आहे. मुलींचा माग काढणाऱ्या आदिवासी मागकाढ्याची भूमिका पुन्हा डेव्हिड गुलपिलिल ह्यांचीच. २०२१ मध्ये दिवंगत झालेल्या ह्या नटाने १९७१ मध्ये भूमी वाचून दाखवली ती हरवलेल्या गोऱ्या मुलांना जगवण्यासाठी. २००२ मध्ये तो भूमी वाचतो ती सरकारची चाकरी म्हणून, आणि जे वाचले ते सगळे सांगण्याची त्याला घाई नसते. भूमिकेत शब्द मोजके आहेत. परंतु ह्या वेळी मौन पात्राचे आहे, भाषांतराच्या अभावाचे नाही.

५

तिसरी कृती विनोदी आहे, आणि म्हणूनच समीक्षेच्या प्रांतात तिला दुय्यम स्थान मिळण्याचा धोका आहे. ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येस सुमारे २९० किलोमीटरवर युएंडुमू हे वार्लपिरी लोकांचे गाव आहे. तेथील माध्यमसंस्थेने डेव्हिड बॅटी आणि फ्रान्सिस जुपुरुला केली ह्यांच्या दिग्दर्शनाखाली ‘बुश मेकॅनिक्स’ ही मालिका केली. मालिका वार्लपिरी भाषेत आहे आणि इंग्रजी भाषांतर पडद्याच्या तळाशी धावते. कथानक साधे: नात्यातले काही तरुण एका खिळखिळ्या मोटारीतून कोठेतरी निघतात, मोटार मोडते, ते ती दुरुस्त करतात, ती पुन्हा मोडते. चाकाची नळी फाटली तर टायरमध्ये स्पिनिफेक्स गवत ठासून भरायचे. भाग तुटला तर मल्गाच्या लाकडातून तासून घ्यायचा. एका भागात पावसाचा विधी करण्यासाठी लागणारे मोत्याचे शिंपले आणावयास ही मंडळी थेट पश्चिम किनाऱ्यावरील ब्रूमपर्यंत जातात.

पहिल्या कृतीत मोटार जळते, दुसरीत ती पळवून नेते, तिसरीत ती मोडते आणि दुरुस्त होते. ह्या तिसऱ्या मोटारीला काचा लावलेल्या घराचे रूप नाही. तिच्यात कोण बसेल, ती कोणाची, ती कोठे थांबेल, हे नात्याने ठरते. वार्लपिरी समाजात प्रत्येक माणूस जन्मतः आठ वर्गांपैकी एका वर्गात मोडतो, आणि वर्गाच्या नावाची पुरुषवाचक व स्त्रीवाचक अशी दोन रूपे असतात; जुपुरुला हे त्यांतीलच एक पुरुषवाचक नाव. परका माणूस भेटला की त्याचा वर्ग ठरतो आणि वर्ग ठरला की नाते ठरते. अनोळखी बाईला मावशी आणि अनोळखी वृद्धाला आजोबा म्हणणाऱ्या मराठी माणसाला ह्याचे थोडेसे अनुमान करता येईल. मात्र तेथे ते केवळ सौजन्य नसते, कर्तव्यांची संपूर्ण व्यवस्था त्याच्यामागे असते. कुटुंबाची सहल हा शब्दप्रयोगच येथे अपुरा पडतो. शहरातल्या कथेत कुटुंब मोटारीत मावते, आणि मोटारीबाहेर सगळे परके असते. येथे मोटार कुटुंबाच्या आत फिरते.

दिशांचेही तसेच आहे. वार्लपिरी बोलणारा माणूस नित्याच्या संभाषणात उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम ह्या दिशांचे शब्द सतत वापरतो: यातिजारा, कुर्लिरा, काकारारा, कार्लारा. वस्तू जवळची असो वा दूरची, ती बोलणाऱ्याच्या डाव्याउजव्यावरून न सांगता दिशेवरून सांगण्याकडे भाषेचा कल असतो. मराठीत ही पद्धत उगवतीकडे, मावळतीकडे अशा बोलण्यात आणि खरेदीखतातील चतुःसीमेत अजून जिवंत आहे. डावे-उजवे हे माणसाबरोबर फिरते; चतुःसीमा फिरत नाही. ‘आउटबॅक’ हा शब्द पहिल्या जातीचा आहे, कारण त्याचा अर्थ बोलणाऱ्याच्या घरावरून ठरतो. यातिजारा हा दुसऱ्या जातीचा. ज्या भाषेत रोजचे वाक्य भूमीची चौकट धरून चालते, त्या भाषेत त्या भूमीला ‘मागची रिकामी जागा’ म्हणावे कसे, हाच प्रश्न पडेल. मालिकेतील विनोदही ह्याच मुळातून निघतो. मोटार बंद पडली म्हणून कोणी भयभीत होत नाही, कारण ती जेथे बंद पडली ते ठिकाण ‘कोठेच नाही’ असे नसते.

६

ह्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. वाळवंट रिकामे नाही, हे म्हणणे सोपे. परंतु तहान ही काही भाषेची भूल नव्हे. १९६३ च्या डिसेंबरात, भर उन्हाळ्यात, इंग्लंडहून येऊन स्थायिक झालेले पाच जणांचे एक कुटुंब दक्षिण ऑस्ट्रेलियातील मारी गावाहून बर्डस्व्हिलच्या वाटेने मोटारीने निघाले. सुमारे ५१७ किलोमीटरच्या त्या वाटेवर ते चुकले, इंधन संपले, मोटार सोडून पाण्याच्या शोधात निघाले, आणि पाचही जण मृत्यू पावले. अशा घटनेसमोर शब्दार्थाची चिकित्सा क्षुल्लक नाही काय?

हा आक्षेप टाळून चालणार नाही. किंबहुना त्याचे उत्तर देताना ह्या लेखातील प्रतिपादनाला मर्यादाही घातली पाहिजे. रिकामेपणाच्या मिथकाला उत्तर म्हणून परिपूर्णतेचे मिथक रचणे हे तितकेच चुकीचे ठरेल. मॉली आणि डेझी भुकेने आणि उन्हाने मरणाच्या दारापर्यंत जातात; वाटेवरच्या माणसांनी अन्न दिले नसते तर त्या पोहोचल्या असत्या की नाही, कोण जाणे. पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान म्हणजे अभय नव्हे. परंतु ‘तेथे काही नाही’ आणि ‘तेथे काय आहे ते मला ठाऊक नाही’ ही दोन विधाने वेगळी आहेत, आणि पहिले विधान दुसऱ्यापेक्षा अधिक धोक्याचे आहे. काही नाही असे मानणारा विचारत नाही. ठाऊक नाही असे मानणारा विचारतो. त्या वाटांवर जाणाऱ्यांना आज मोटार बिघडली तर ती सोडून जाऊ नका, निघण्यापूर्वी कळवून जा, असे बजावले जाते. ह्या उपदेशाचे मर्मही हेच की प्रवाशाने आपले अज्ञान आधी मान्य करावे.

शिवाय त्या वाटेचा इतिहासही रिकामा नाही, आणि त्यात मुंबई इलाख्याचाही एक धागा आहे. १८६० मध्ये बर्क आणि विल्स ह्यांच्या मोहिमेसाठी चोवीस उंट हिंदुस्थानातून नेण्यात आले, ते त्या काळी मुंबई इलाख्यात असलेल्या कराची बंदरातून. त्यांच्यामागून आलेले उंटवाले बलुचिस्तान, सिंध, पंजाब, पेशावर अशा अनेक ठिकाणचे होते. तेथे त्या सर्वांना सरसकट ‘अफगाण’ आणि पुढे नुसते ‘घान’ म्हटले गेले. मारी हे त्यांच्या मुख्य ठाण्यांपैकी एक, आणि खंडाच्या मध्यभागी जाणाऱ्या आगगाडीला त्यांचेच नाव मिळाले. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या माणसांना एकाच नावाखाली घालण्याची ही तीच सवय, जी ‘वॉकअबाउट’मध्ये उत्तरेकडच्या भाषेला वाळवंटाच्या मध्यभागी नेऊन ठेवते.

नावे बदलल्याने इतिहास बदलत नाही हे खरे. तरीही नावे बदलली आहेत. १८७३ मध्ये ‘एअर्स रॉक’ असे नामकरण झालेल्या शिळेची मालकी १९८५ मध्ये तिच्या मूळ लोकांकडे परत आली. १९९३ मध्ये तिला जोडनाव मिळाले आणि २००२ मध्ये त्या जोडनावात ‘उलुरू’ पहिले आले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील ज्या सरोवराला एका गोऱ्या प्रवाशाने आपल्या निराशेचे नाव दिले होते, त्याला २०२० पासून अधिकृतपणे कुम्पुपिंटिल म्हणतात. एका माणसाच्या एका दिवसाचा अपेक्षाभंग शतकाहून अधिक काळ नकाशावर सरोवराचा गुणधर्म म्हणून राहिला होता. कुटुंबाच्या प्रवासकथांचे पुष्कळसे वर्णन ह्याच जातीचे असते: बघणाऱ्याची मनःस्थिती भूमीच्या नावावर खर्ची पडते.

तिन्ही कृतींची कलात्मक तुलना करावयाची तर ‘वॉकअबाउट’ची दृश्यशक्ती सर्वांत मोठी आहे, ‘रॅबिट-प्रूफ फेन्स’चा आशय सर्वांत भारी आहे, आणि ‘बुश मेकॅनिक्स’ची भाषा सर्वांत मोकळी आहे. ह्यांतील एकीने दुसरीला रद्द केलेले नाही. परंतु यापुढे अंतर्भागातील कौटुंबिक प्रवासाची कोणतीही कथा, मग ती तेथे स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाने मराठीतून लिहिलेली का असेना, तपासताना समीक्षकाने दोन साधे प्रश्न विचारावेत. वाटेत भेटलेल्या माणसाचे बोलणे कथेत कळण्याजोगे आले आहे काय? आणि भूमीला रिकामी म्हणताना लेखकाने तेथे कोणाला विचारले होते काय? दोन्ही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील तर वर्णन कितीही सुंदर असले तरी ते मोटारीच्या काचेतून केलेले वर्णन आहे, असेच म्हणावे लागेल.